बंदुकीचा परवाना आणि राज्याची हद्द

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर टेक्सासमध्ये राहतो. येथे पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, असे सहकारी सांगतात. मला ते घेता येईल का?

उत्तर : सहकाऱ्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीस परवान्याविना पिस्तूल जवळ ठेवता येते. मात्र अपात्र कोण, हे एकटे राज्य ठरवीत नाही. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर आलेल्याने बंदूक वा काडतूस बाळगणे हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. याला मोजकेच अपवाद असून शिकारीचा वैध परवाना हा त्यांतला प्रमुख होय. ग्रीन कार्डधारकास ही बंदी नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना हौसेने शूटिंग रेंजवर नेणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण भाड्याने घेतलेली बंदूक हाती धरली तरी तो 'ताबा' ठरू शकतो.

प्रश्न : माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे, पण नोकरी नदीपलीकडे न्यू जर्सीत आहे. पिस्तूल गाडीत ठेवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. वाहन परवाना सर्व राज्यांत चालतो म्हणून शस्त्रपरवानाही चालेल, हा समज फार महागात पडतो. न्यू जर्सी अन्य कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही आणि तेथे विनापरवाना पिस्तुलासाठी पाच ते दहा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेने रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला आपल्याजवळ पिस्तूल व पेनसिल्व्हेनियाचा परवाना असल्याचे स्वतःहून सांगितले आणि तिला अटक झाली. पुढे २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला क्षमा केली; परंतु क्षमेच्या भरवशावर कोणी पूल ओलांडू नये. १९८६ च्या संघीय कायद्याने प्रवासात जे संरक्षण दिले आहे, ते जेथून निघालो आणि जेथे पोहोचायचे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल तरच मिळते. शिवाय शस्त्र रिकामे असावे लागते आणि ते डिकीत, किंवा स्वतंत्र डिकी नसल्यास कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते. ग्लोव्ह बॉक्स या कामी चालत नाही.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यू यॉर्कमध्ये परवान्याची गरज उरली नाही, हे खरे का?

उत्तर : नाही. २३ जून २०२२ च्या निकालाने 'विशेष कारण' दाखवण्याची अट तेवढी रद्द झाली. परवाना आजही लागतोच, आणि त्यानंतर राज्याने टाइम्स स्क्वेअरसारखी ठिकाणे परवानाधारकांसाठीही निषिद्ध ठरवली.

प्रश्न : रेंजवरचे एखादे काडतूस बॅगेत राहून मुंबई विमानतळावर सापडले, तर?

उत्तर : भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार एकच काडतूस असले तरी गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक होता का, हे न्यायालये पाहतात आणि नकळत राहिलेल्या काडतुसांची अनेक प्रकरणे उच्च न्यायालयांनी रद्दही केली आहेत, पण तोवर सुट्टी आणि परतीचे तिकीट दोन्ही हातचे गेलेले असते. रेंजवर नेण्याची पिशवी वेगळीच ठेवावी.