वंश आणि वांशिकता एकच ना? मग समाजशास्त्रात दोन शब्द कशाला?

एकच नाही. वंश म्हणजे रंग, चेहरेपट्टी पाहून समाजाने माणसावर मारलेला शिक्का. वांशिकता म्हणजे भाषा, धर्म, पूर्वज, चालीरीती यांतून गटाने धरून ठेवलेली ओळख. (व्यवहारात दोन्हींची सरमिसळ होते, हे खरं.)

वंशाच्या रेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत हे पटवायला मला अमेरिकेतले दोन खटले पुरतात. परदेशात जन्मलेल्यांपैकी नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्यां’ना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच मिळे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जपानी ताकाओ ओझावांना सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्राने युरोपीयांसोबत काही आशियाई लोकांनाही घालून केलेला गट), तुम्ही त्यात बसत नाही. १९२३ मध्ये पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड म्हणाले, मी तर कॉकेशियनच आहे. त्यावर त्याच न्यायालयाचं उत्तर: सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! तीन महिन्यांत व्याख्या फिरली.

स्थलांतरितांच्या संदर्भात ‘सात्मीकरण’ हा शब्द भेटेल, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी यजमान समाजात मिसळून जाणं. समाजशास्त्रज्ञ मिल्टन गॉर्डन यांनी १९६४ मध्ये त्याचे टप्पे पाडले. यजमान समाजाची भाषा, पेहराव उचलणं वेगळं आणि त्यांच्या संस्थांत, मैत्रीत शिरकाव होणं वेगळं. पहिलं झालं की दुसरं होतंच असं नाही. विद्यार्थी नेमके इथे घोटाळा करतात.