कोपलीच्या चित्रातला तो झगा

तुम्ही विचारलंय की अमेरिकन चित्रकार जॉन सिंगलटन कोपलीने काढलेल्या निकोलस बॉयल्स्टनच्या पोर्ट्रेटमध्ये (१७६७) बॉस्टनचा एवढा बडा व्यापारी झगा आणि फेट्यासारखी टोपी घालून का बसलाय, हा नाटकाचा ड्रेस आहे का. तर नाही, हे त्या काळचे श्रीमंत पुरुष घरी खरंच घालायचे. बाहेर जाताना विग, त्यासाठी डोकं भादरलेलं, मग घरी आल्यावर विग काढून टोपी. आणि त्या झग्याचं नाव ऐका, बॅन्यन! आपल्या वाण्या-बनियांवरूनच पडलेलं, म्हणजे आपण आत घालतो ते बनियन आणि हा झगा एकाच शब्दाचे. मला हे कळलं तेव्हापासून ते चित्र मी वेगळ्याच नजरेने बघतो. बॉयल्स्टन कापडाचा आयातदार होता, तेव्हा अंगावरचं ते चकचकीत दमास्क (विणीतच नक्षी असलेलं रेशमी कापड), कोपराखालच्या जाडजूड वह्या, मागे जहाज, सगळा त्याचा धंदाच मांडलाय तिथे. १७६६ मध्ये जॉन ॲडम्स (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) त्याच्या घरी जेवायला गेला होता, नुसत्या फर्निचरलाच हजार पौंड लागलेत असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय.

बायकांच्या कपड्यांवर मात्र पटकन विश्वास ठेवू नका. १७६३ च्या दोन पोर्ट्रेटमध्ये, मिसेस सार्जंट आणि मिसेस पिकमन, दोघींच्या अंगावर तोच निळा ड्रेस आहे! मिसेस बॉवर्सची तर पोझ, कपडे, मांडीवरचं कुत्रंसुद्धा रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराच्या एका चित्राच्या छापील प्रतीवरून उचललेलं, चेहरा तेवढा तिचा. प्रती काळ्या-पांढऱ्या यायच्या, म्हणजे रंग कोपलीने स्वतःच्या मनाने भरले, आणि विलायतेला न जाता रेशमाची ती चमक त्याने कशी साधली याचं मला अजून नवल वाटतं. त्याचा सावत्र बाप पीटर पेलम असे छाप करणारा होता, त्यामुळे पोराच्या डोळ्यासमोर ते लहानपणापासून होतेच.

अजून एक, रॉयल (Royall) आडनावाच्या घराण्यातल्या दोन मुलींचं कोपलीचं चित्र बघाल तेव्हा रेशमापाशी थांबू नका. तो पैसा कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यातला, गुलामांच्या कष्टाचा. बापाच्या बॉस्टनजवळच्या मेडफर्डच्या घरीही डझनांनी गुलाम होते. चित्रात कुत्रा आहे, हमिंगबर्ड आहे, त्या गुलामांतलं एकही माणूस नाही.