गेममधल्या बलिदानाची धास्ती वाटते तेव्हा

आपला मुलगा ज्या गेममध्ये रमला आहे त्याच्या कथेत मृत्यू, बळी आणि माणसांवरचे प्रयोग भरलेले आहेत, हे ध्यानात आल्यावर पालकांना पहिली भीती वाटते ती ही, की या कथेच्या नादाने तो स्वतःचे काही बरेवाईट तर करून घेणार नाही ना? 2017 मध्ये, मुलांना आत्महत्येकडे ढकलतो असे म्हटल्या जाणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ या ऑनलाइन खेळाची धास्ती घरोघरी पोचल्यापासून हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर निरनिराळ्या रूपांत येत राहिला आहे. त्या वेळी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीला तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा सहभाग सिद्ध करता आला नव्हता. ही माहिती मात्र भीतीइतकी दूरवर पोचली नाही. कथेतला नेमका कोणता भाग मुलाने उचलला आहे आणि तो त्याला का भिडला आहे, हे मी आधी पाहते. गेमचा निवाडा त्यानंतर करता येतो.

नववीतल्या एका मुलाची आई त्याची गणिताची वही घेऊन माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील मी बदलले आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर काउबॉयची टोपी, जमिनीवर ठेवलेले खेळण्यातले पिस्तूल आणि त्याखाली सहा बदामांची एक रांग काढलेली होती. त्यातला एकच बदाम पिवळ्या रंगाने भरला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘एक गेला की बाकीचे सुटतील.’ आईने इंटरनेटवर शोध घेतला, चित्राचा उगम तिला सापडला आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही.

तो गेम म्हणजे ‘अंडरटेल यलो’. टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ 2015 मध्ये आला. त्याच्या चाहत्यांनी अनेक वर्षे खपून त्याच्या आधीच्या काळाची एक कथा रचली आणि डिसेंबर 2023 मध्ये ती विनामूल्य खुली केली. मूळ कथेत राक्षसांची जमात जमिनीखाली कोंडलेली आहे आणि तिच्या सुटकेसाठी माणसांचे सात आत्मे लागतात; पडद्यावर ते बदामाच्या आकाराचे दिसतात. सहा मुले आधीच मेली आहेत, हे खेळाडूला कळते. पण ती कोण होती, कशी वागली, याबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. त्यांच्यापैकी एकाची टोपी आणि रिकामे पिस्तूल एका गल्लीत विकायला ठेवलेले असते आणि विकणाऱ्या दोघी कचऱ्यातून सापडलेल्या वस्तूंवर धंदा करत असतात. खेळाडू या वस्तू विकत घेतो, अंगावर चढवतो आणि पुढे जातो. मेलेल्या मुलाची आठवण दुकानातला माल होऊन बसली आहे, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. चाहत्यांनी नेमक्या याच मुलाला नाव दिले, क्लोव्हर, आणि न्यायाचे प्रतीक असलेला पिवळा आत्मा दिला. बेपत्ता झालेल्या आधीच्या पाच मुलांना शोधायला तो खाली उतरतो. कोणालाही न मारता खेळ पूर्ण केला, तर शेवटी तो आपला आत्मा राक्षसांच्या स्वाधीन करतो आणि मित्र जड मनाने त्याला निरोप देतात.

चाहत्यांची निर्मिती म्हणून या कामाला कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. ते मनापासून केलेले काम आहे. तरीही एक गोष्ट मला खोलवर अस्वस्थ करते. ज्या खेळाची सगळी ख्याती खेळाडूच्या निवडीवर उभी आहे, त्यात सर्वांत दयाळू वाटेने गेलेल्या खेळाडूला शेवटी निवड उरत नाही. त्या वाटेवर क्लोव्हर जिवंत राहील असा दुसरा शेवटच नाही. चांगल्या मुलाचे चांगुलपण त्याच्या नसण्याने पूर्ण होते, असा अर्थ त्यातून सहज निघतो, आणि चौदा वर्षांचे मूल तो आपल्यापुरता काढू शकते.

मुलगा भेटीला आला तेव्हा मी त्याला आधी नियम सांगितला: येथे बोललेले येथेच राहील, परंतु त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर आईबाबांना सांगावे लागेल, आणि तसे करण्यापूर्वी मी त्याला कल्पना देईन. मग त्याच्याकडून ती कथा ऐकली. तो इतका मन लावून सांगत होता, की मध्येच थांबवून मुद्द्यावर आणण्याचा प्रश्नच नव्हता; कथा हाच मुद्दा होता. मात्र तो क्लोव्हरपाशी फार रेंगाळला नाही. सेरोबा नावाच्या एका आईचा प्रसंग त्याने दोनदा सांगितला. तिचा नवरा संशोधक असतो. त्याच्या मृत्यूनंतर राहिलेले काम पुरे करण्याच्या हट्टापायी ती आपल्याच मुलीवर, कनाकोवर, प्रयोग करते आणि मुलगी कोसळते. पुढे तिचे काय होते हे स्पष्ट दाखवलेले नाही, पण मूळ गेममधली प्रयोगशाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते ओळखता येते आणि ओळखले की पोटात गोळा येतो.

“मॅडम, कनाकोला माहीत होतं की बाबांचं काम राहिलंय,” तो म्हणाला. “घरात सगळे त्याच कामात असायचे. मग ती आणखी काय करणार?”

त्याच्या घरात काय राहिले होते, हे मी विचारले. वडिलांचा छोटा छापखाना बंद पडला होता आणि कर्जाचे हप्ते चालू होते. स्वतःला इंजिनिअर होता आले नाही, म्हणून मुलाला आठवीपासूनच महागड्या क्लासला घातले होते. एका रात्री वडील आईला म्हणत होते, “याच्या क्लासची फी नसती तर मशीनचं कर्ज कधीच फिटलं असतं.” हे वाक्य त्याने दाराआडून ऐकले होते. वहीतली ओळ कुठून आली, हे मला तेव्हा उमगले. एकाच्या जाण्याने बाकीच्यांची सुटका व्हावी, हा हिशेब घरातल्या बोलण्यातून आधीच मांडला गेला होता. गेमने त्याला टोपी आणि रंग दिला.

आपण इतरांवर ओझे झालो आहोत ही भावना आत्महत्येच्या विचारांत किती मोठा वाटा उचलते, यावर थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विस्ताराने लिहिले आहे, आणि माझा अनुभवही तेच सांगतो. म्हणून मी त्याला आडवळणाने न विचारता सरळ विचारले, “आपण नसतो तर बरं झालं असतं, जीव द्यावा, असं तुझ्या मनात येतं का?” असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार शिरतो ही समजूत खरी नाही, बहुतेक वेळा मूल सुटकेचा श्वास टाकते. त्याने मान हलवली. विचार येत होता, पण काही ठरवलेले नव्हते. मी त्याला सांगून आईवडिलांना त्याच दिवशी आत बोलावले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडूनही त्याची तपासणी करून घेतली.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही क्लोव्हरच्या शेवटावर पुष्कळ वाद घातला. ‘त्याच्या मरणाचा काही उपयोग झाला नाही’ असे सांगून सुटणे सोपे होते. पण ते खोटे ठरले असते आणि त्याने ते तत्काळ पकडले असते, कारण मूळ कथेत बंधन तुटते तेव्हा त्या सहा आत्म्यांची शक्ती कामी येतेच. मी एवढेच विचारले, की तो गेल्यावर मार्टलेटचे काय झाले असेल? मार्टलेट ही त्याच्यावर जीव लावणारी रक्षक पक्षीण. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, “ती अडकलेलीच राहिली. आणि आता क्लोव्हर पण नाही.” या कथेच्या लेखकांनी क्लोव्हरला दुसरी वाट दिली नव्हती, तुझ्या घरात ती काढता येईल का, या प्रश्नावर आमचे पुढचे काम उभे राहिले.

वडिलांना ते वाक्य आठवतही नव्हते. ऐकल्यावर ते गप्प झाले आणि मग मुलाशी थेट बोलले: कर्ज किती आहे, ते कसे फिटणार आहे, आणि त्याचा मुलाच्या असण्या-नसण्याशी काहीही संबंध नाही. पैशांची अडचण मुलांपासून लपवली की ती आपापले आकडे मांडतात, आणि त्या आकड्यांत स्वतःला खर्चाच्या बाजूला लिहितात. क्लास बंद झाला. गणित तो शाळेतच शिकू लागला.

गेम काढून टाकावा का, असे आईने विचारले होते. मी नको म्हटले, कारण तो हिसकावला असता तर मुलाजवळ बोलण्याचे जे एकमेव साधन होते तेच गेले असते. रात्री एकट्याने आणि मन फार जड असेल त्या दिवशी खेळू नये, एवढे ठरले. एका रविवारी वडील त्याच्या शेजारी बसले आणि सेरोबाचा सगळा प्रसंग त्यांनी मुलाकडून समजून घेतला.

मूल अशा कथेवर भरभरून बोलत असेल, चित्रे काढत असेल, मित्रांशी अर्थावरून भांडत असेल, तर शेजारी बसून ऐकावे. परंतु ते आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागले, झोप आणि जेवण बिघडले, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये आणि गेमची चौकशी करण्यात दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी सरळ विचारावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. ‘टेली-मानस’ची 14416 ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.