दोनदा आली, दोनदा पाठवली

‘ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात राहते. मोठ्या मुलीच्या लग्नाला पाच वर्षं झाली, दीड वर्षाचा नातू आहे. जावई चाकणला कंपनीत आहे. तो हात उचलतो. पहिल्यांदा दिवाळीला आली तेव्हा दंड काळानिळा होता, न्हाणीत पडले म्हणाली. दुसऱ्यांदा रात्रीच्या एसटीने बाळाला घेऊन एकटीच आली. आठ दिवसांनी तिच्या वडिलांनी समजूत घालून परत नेऊन सोडलं, जावयाला पोशाखही केला. (तेव्हा ती मला म्हणाली होती की एकदा त्याने गळा धरला. मी ह्यांना सांगितलं नाही.) तिचंही तोंड जरा चालतं, हे मी नाकारत नाही. आता फोनवर नुसतं ‘बरंय’ म्हणते. इकडे धाकटीचं लग्न व्हायचंय. सूनबाईचं म्हणणं, हक्कसोड करून दिलंय, आता तिचा इथे काय संबंध. तिच्या खोलीत मुलाच्या दुकानाची खताची पोती आहेत. घर मात्र माझ्या नावावर आहे, कर्जासाठी तसं केलं होतं. दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसवून जावयाला समज द्यावी, की पोरीला घेऊन यावं?’
– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. आधी ते कंसातून बाहेर काढू.

थोबाडीत मारणं वाईटच, पण गळा धरणं ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत याचा अभ्यास झालाय. ज्या बाईचा गळा जोडीदाराने एकदा आवळला, तिचा पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका सातपटीने जास्त आढळला. गळ्यावर वळ उठेलच असं नाही, त्यामुळे घरच्यांना काही दिसत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, चक्कर येते, आणि सगळे म्हणतात थंडी बाधली असेल. तुम्ही हे नवऱ्यापासून लपवलंत, का ते कळतं मला. पण आज रात्रीच सांगा. ‘पोरगी दिली ती दिली’ म्हणणाऱ्या बापालाही गळ्याची गोष्ट माहीत असली पाहिजे.

आता ‘तिचंही तोंड चालतं’ याबद्दल. यात तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, बायको न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशा एकूण सात कारणांपैकी कशासाठी नवऱ्याने मारणं बरोबर का. यातल्या एखाद्या तरी कारणाला ‘हो’ म्हणणारे पुरुष ४४ टक्के निघाले. बायका ४५ टक्के. वाचून मला राग आला नाही, लाज वाटली. तीसेक वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला मीच म्हणाले होते, ‘मूल होऊ दे, सुधारेल.’ मूल झालं. तो सुधारला नाही, आणि तिने मला पुन्हा काही सांगितलं नाही.

तुमची लेक ‘बरंय’ म्हणते ते तसंच आहे. त्याच पाहणीत दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरातल्या जेमतेम चौदा जणींनी कुणाची मदत मागितली होती, आणि ज्यांनी मागितली त्यातल्या बहुतेकींनी स्वतःच्या घरच्यांकडे. पोलीस, वकील, डॉक्टर यांचा नंबर फार मागे. म्हणजे तुमची मुलगी त्या चौदांमधली होती. रात्रीच्या एसटीने, काखेत पोर घेऊन ती बरोबर दारात आली होती. दार उघडलंही, पण आठ दिवसांसाठी. आणि तिच्या देखत जावयाला पोशाख केलात. त्या पोशाखातून तिला काय कळलं, आणि त्याला काय कळलं?

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमच्या आईनेही तुम्हाला ‘भांड्याला भांडं लागतंच’ असं कधीतरी सांगितलं असेल. पण भांड्याला भांडं लागतं तेव्हा दोन्हीला पोचे येतात. इथे पोचे एकाच भांड्याला आहेत. आणि दंडावरचा तो काळानिळा डाग कुठे होता तेही आठवा, बाहीखाली झाकला जाईल तिथे. रागात भान सुटलेला माणूस बाहीचं माप बघत नाही.

म्हणून चार शहाण्या माणसांची बैठक नको. निदान आत्ता नकोच. अशा बैठकीत तो मान खाली घालतो, ‘पुन्हा होणार नाही’ म्हणतो, चहा होतो, सगळे समाधानाने उठतात. रात्री दार लागलं की तिला विचारलं जातं, चारचौघांत माझी अब्रू घालवलीस ना? सोडून जायचा विचार त्याला कळला की त्यानंतरचे दिवस बाईसाठी सगळ्यात धोक्याचे असतात. आधी ती आणि बाळ सुरक्षित जागी. बोलणं, समजावणं, वाटल्यास बैठक, सगळं त्यानंतर आणि तिची इच्छा असेल तरच.

तुम्ही जाऊन तिला ओढून आणा असंही मी म्हणत नाही. पाच वर्षं तिच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेतायत, त्यात आणखी एकाची भर नको. तिला एवढंच ठाऊक हवं की दार उघडं आहे आणि यावेळी परत पाठवणी नाही. निघायचं कधी ते ती ठरवेल. त्याचा मूड कधी कसा असतो, तो कुठल्या पाळीला असतो, हे तिच्याइतकं कुणाला कळतं?

फोन स्पीकरवर असतो असं धरून चाला. ‘बरंय’ला तेही कारण असू शकतं. ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असंच विचारा. प्रत्यक्ष भेटलात की एक खुणेचं वाक्य ठरवा. ‘आई, कुरडयांचा चीक घातलास का?’ असं ती म्हणाली की तुम्ही समजायचं, आणि ११२ ला फोन करून तिचा पत्ता द्यायचा. तो पत्ता, अगदी इमारतीचं नाव आणि मजल्यासकट, तुमच्याकडे लिहिलेला आहे का? बहुतेक आयांकडे नसतो.

कागद एकेक करून बाहेर यायला हवेत. तिचं आधार, बाळाचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, पासबुक. मूळ हलवता येत नसतील तर फोटो. मार लागेल तेव्हा सरकारी दवाखान्यात दाखवायचं आणि ‘पडले’ न म्हणता ‘नवऱ्याने मारलं’ असंच सांगायचं, म्हणजे केसपेपरवर तसं लिहिलं जाईल. दागिने राहिले तरी चालतील. स्त्रीधन तिचंच असतं, सासरी ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. बाळ मात्र मागे ठेवायचं नाही. ‘चार दिवस असू दे आजीकडे’ हे ऐकायचं नाही.

पोलीस केस म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज म्हणजे जावयाला लगेच बेड्या नव्हेत. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहायची सोय, खर्चाला पैसे, बाळाचा तात्पुरता ताबा, हे सगळं त्यात मागता येतं. आदेश मिळूनही त्याने तो मोडला, तर मात्र गुन्हा होतो. अर्ज भरून द्यायला महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात. ती राहायला आली की अर्ज तुमच्याकडच्या न्यायालयात करता येतो, चाकणला खेटे घालायची गरज नाही. छळाची फौजदारी तक्रारही माहेरच्या ठाण्यात देता येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. ‘सासरच्या हद्दीत जा’ असं कोणी म्हणालं तर हे सांगा, आणि जागचं उठू नका. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, किंवा साताऱ्याच्या ‘सखी’ या हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात एकदा तुम्हीच जाऊन या. मुलीचं नाव न सांगताही माहिती विचारता येते.

धाकटीच्या लग्नाची काळजी मी दोन ओळींत उरकते. थोरली माहेरी आहे म्हणून ज्या स्थळाला अडचण वाटते, ते घर धाकटीवर अशी वेळ आली तर कोणाची बाजू घेईल, याचा अंदाज तुम्हाला आत्ताच आला. चौकशीला वेगळा खर्च नाही.

आता ते हक्कसोड. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी सुमारे पाचशे लग्न झालेल्या बायकांचा अभ्यास केला होता. जिच्या नावावर ना जमीन ना घर, अशा बायकांत नवऱ्याचा मार खाल्लेल्या ४९ टक्के. नुसती जमीन असलेल्यांत १८, नुसतं घर असलेल्यांत १०, दोन्ही असलेल्यांत ७. जायला जागा आहे हे बाईला माहीत असतं, आणि नवऱ्यालाही. आपण लग्नाआधी मुलीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतो, साडी नेसवतो आणि तिची तेवढी जागाही काढून घेतो. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला तो १९९४ साली, देशाच्या अकरा वर्षं आधी, आणि तेव्हापासून आपण हक्कसोड पत्रं लिहून घेतोय! ती सही उलटवणं सोपं नाही. पण घर तुमच्या नावावर आहे. कर्जासाठी असो की कशासाठी, कागदावर तुम्ही मालक आहात. त्या घरात कोण राहील हे सूनबाईने ठरवायचं नाही, आणि तुमच्यामागे त्याचं काय व्हावं हे तुम्ही मृत्युपत्रात लिहू शकता. सुनेशी भांडू नका मात्र. उद्या तिच्यावर वेळ आली तर तीही याच घरातून उठून कुठेतरी जाणार आहे.

मुलाला सांगा, पोती दुकानात नाहीतर पडवीत ने. खोली झाडून घ्या, आतून कडी लागते का बघा, बाळासाठी एक गादी टाका. मग तिला फोन करा आणि स्पीकरवर कोणी ऐकलं तरी चालेल असं एवढंच सांगा, ‘तुझी खोली रिकामी केलीय गं.’