ताप उतरला, मग हातपाय गार का पडले?

प्रश्न : माझा धाकटा दीर (वय २८) देवगडच्या बंदरात बोटीवर खलाशी आहे. गणपती झाले आणि त्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो, तर त्याच संध्याकाळी पोटात दुखू लागलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. दवाखान्यात ‘रक्त घट्ट झालंय’ म्हणाले आणि सलाईन लावलं. आता बरा आहे. पण ताप गेल्यावर माणूस खालावतो कसा? आणि इंटरफेरॉनचं इंजेक्शन मिळतं म्हणे, ते का दिलं नाही? – एक वाचक, जामसंडे

उत्तर : ताई, ‘रक्त घट्ट झालंय’ हे मीही दवाखान्यात कितीतरी जणांना ऐकवलंय आणि पुढचं समजावायला कधी थांबलो नाही. आज थांबतो.

खाजणाचा बांध आठवा. दगड जागेवरच असतात, सांध्यांतली माती तेवढी सैल होते आणि पाणी झिरपतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं. डेंग्यूत या पेशींमधले सांधे सैल होतात. रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसांभोवती उतरतं. तांबड्या पेशी आतच राहतात. म्हणून रक्त दाट. आणि वाहिन्यांतलं पाणी कमी झालं की हातापायांपर्यंत रक्त कमी पोचतं, म्हणून ते गार.

आता इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू टाकला. पडद्यातून असं काही पाझरलं की नंतर जिवंत विषाणूलाही तिथे वाढता येईना. तेच इंटरफेरॉन. (त्याच वर्षी कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला. डेंग्यूचाच तो चुलतभाऊ, २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात येऊन पोचलेला.)

लागण झालेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते. तुमच्या दिराचा ताप आणि अंगदुखी यांत त्याचा मोठा वाटा. हाच निरोप मिळाला की वाहिनीचं अस्तर असे रेणू सोडतं, जे पांढऱ्या पेशींना तिथे बोलावून घेतात. ती गर्दी म्हणजेच दाह. पण सगळी इंटरफेरॉनं एका वळणाची नाहीत. बीटा जातीचं इंटरफेरॉन प्रयोगांत अस्तराचे सांधे घट्ट करताना दिसतं. गॅमा जातीचं, टीएनएफ नावाच्या रेणूच्या जोडीने, ते सैल करतं. त्यामुळे ‘इंटरफेरॉन चांगलं की वाईट’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठलं आणि कितव्या दिवशी?

विषाणूही गप्प बसत नाही. लागण झालेल्या पेशीत इंटरफेरॉनचा निरोप आत पोचवणारं स्टॅट-२ हे प्रथिन तो मोडून टाकतो. शिवाय एनएस-१ नावाचं स्वतःचं प्रथिन रक्तात सोडतो, तेही अस्तर खरवडतं. ताप उतरतो तोवर रक्तातला विषाणू बराच ओसरलेला असतो. प्रतिकाराने उठवलेली धामधूम मात्र तेव्हाच भरात असते. तुमच्या घरची ती संध्याकाळ नेमकी याच वेळेची.

इंजेक्शनचं म्हणाल, तर अल्फा जातीचं इंटरफेरॉन काविळीच्या बी आणि सी विषाणूंसाठी वापरलं गेलंय. डेंग्यूत ते देत नाहीत, आणि मी तर मुळीच दिलं नसतं. ओसरत्या विषाणूवर त्याचा उपयोग काय? वर त्याने स्वतःच ताप येतो आणि प्लेटलेट उतरतात. दिराच्या प्लेटलेट आधीच किती होत्या, तो कागद काढून बघा.

ही झिरप साधारण २४ ते ४८ तास चालते. मग बाहेर गेलेलं पाणी आपणहून वाहिन्यांत परततं, आणि तेव्हा सलाईन आवरावं लागतं, नाहीतर तेच पाणी फुप्फुसांत साचतं. तेव्हा डॉक्टरांनी बाटली काढली आणि सासूबाई ‘आणखी एक लावा की’ म्हणाल्या असतील, तर बरोबर डॉक्टरच होते.