पुस्तक पिठाच्या डब्यामागनं बाहेर काढा आधी

तासगाव तालुक्यातनं एका ताईंचं पत्र आलंय. वय 46, बी.ए., एका पतसंस्थेत 19 वर्षं क्लार्क. शाखाधिकाऱ्याची जागा जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) झालेल्या 28 वर्षांच्या पोराला मिळाली, म्हणून ताईंनी गुपचूप त्याच परीक्षेची पुस्तकं आणली आणि पिठाच्या डब्यामागं ठेवली, कारण मालक, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले "आता काय कलेक्टर होणारेस का". नापास झाले तर हसं होईल, फॉर्म भरू का, असं विचारतायत.

भरा की ताई. कुठल्याही शाखेची पदवी चालते, ती तुमच्याकडं आहेच. सहा पेपर ऐकून पोटात गोळा येतो हे कळतंय, पण सहकार कायद्याची धडकी भरते असं तुम्ही लिहिलंय ना, तिथं मला हसूच आलं. अहो कलम 101 ची, म्हणजे थकबाकी वसुलीची फाईल तुमच्या टेबलावरनं जाते ना? थकबाकीदाराला नोटीस, निबंधकांकडं अर्ज, वसुली दाखला, मग कलम 156 खाली वसुली अधिकारी जप्तीला. हा सगळा 1960 चा सहकार कायदाच आहे, पुस्तकात फक्त परीक्षेच्या भाषेत लिहिलाय, आणि परीक्षेला बसणाऱ्या बाकीच्या पोरांनी थकबाकीदार बघितलेला पण नसतो.

भीती धरायचीच तर अकाउंट्सची धरा. कीर्द, खतावणी तुम्हाला नवी नाही पण आता बटण दाबलं की सॉफ्टवेअर तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवून देतंय, त्यामुळं हाताची सवय मोडली असणार. एन नमुन्यातला, म्हणजे सहकारी संस्थांना ठरवून दिलेल्या नमुन्यातला ताळेबंद रोज एक, पेन्सिलीनं, मांडा. पंधरा दिवस जुळणार नाही, रडू येईल, येऊ दे.

परीक्षा साधारण मे महिन्यात असते, म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत मार्च एन्ड, आणि तुमच्याकडं तर तेव्हाच द्राक्षाचे पैसे येतात म्हणून वसुलीची पळापळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये अभ्यास करीन म्हणाल तर झालंच! ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ ओढून झाला की बसा, संक्रांतीपर्यंत मुख्य अभ्यास उरकायचा.

मालकांशी वाद घालू नका, पण रोज रात्री नऊ ते साडेदहा भांडी मी घासणार नाही एवढं सांगून टाका. कॉलेजातलं पोरगं घासेल, हात झिजत नाहीत त्याचे.

आणि त्या नव्या साहेबाचा राग गिळा, ऑडिटचा पेपर त्यालाच विचारा. लेकराएवढ्या माणसाला विचारायचं जड जातं, मला पण मोबाईल शिकताना गेलंय. एक मात्र पत्रात तुम्ही लिहिलंच नाही, पास झाल्यावर पुढच्या जागेला तुमचा नंबर लागणार का? चेअरमन "बघू की वहिनी" म्हणतील, त्यावर घरी येऊ नका. संचालक मंडळाच्या नावानं अर्ज द्या आणि त्याची पोच शिक्क्यासकट घ्या. फॉर्म भरायच्या आधी हे.