इंजिनीअरिंगनंतर कर्ज काढून एमएस करू की दोन वर्षं पूर्णवेळ पोकर खेळून बघू?

तू दिलेली माहिती अशी: वय २१, शेवटचं वर्ष, पुण्यात मित्राच्या फ्लॅटवर दर शनिवारी १००-२०० चं टेबल (डावाआधी सक्तीने लावायचे पैसे: स्मॉल ब्लाइंड १००, बिग ब्लाइंड २००), सहा महिन्यांत पावणेतीन लाख वर. घरचे एमएससाठी कर्ज काढायला तयार आहेत आणि तुझं मन पोकरमध्ये. इतर उत्तरांत 'जुगार वाईट' हे सांगून झालंय, धर्मराजही येऊन गेलाय. धर्मराजाने एका फाशावर राज्य लावलं. पोकरवर पोट असलेला माणूस आपल्या बँकरोलच्या (खेळासाठी बाजूला ठेवलेल्या पुंजीच्या) दोन-अडीच टक्क्यांहून जास्त घेऊन एका टेबलावर बसत नाही. तेव्हा ते उदाहरण आता पुरे.

मी २०१८ ते २०२५ पोकरवर जगलो, म्हणून लिहितोय.

आधी तुझे पावणेतीन लाख. पंचवीस शनिवार, आठ-आठ तास, म्हणजे २०० तास. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५ ते ३० हँड, म्हणजे डाव, होतात. म्हणजे तू आयुष्यात साडेपाच हजार हँड खेळलायस. मी चार टेबलं उघडून एवढे हँड तीन-चार दिवसांत खेळायचो. नो-लिमिटमध्ये, म्हणजे हवं तेवढं लावता येतं त्या प्रकारात, १०० हँडमागे स्टँडर्ड डेव्हिएशन (नुसत्या नशिबाचा चढउतार) साधारण ९० बिग ब्लाइंड धर. साडेपाच हजार हँडला ते ६६० च्या आसपास जातं, तुझ्या टेबलावर १ लाख ३० हजार रुपये. तुझी कमाई त्याच्या दुप्पट. म्हणजे खेळातलं काहीही न कळणारे, पण टेबलावरच्या बाकीच्यांपेक्षा वाईटही नसलेले शंभर जण बसवले, तरी दोघा जणांना निव्वळ नशिबाने एवढे पैसे मिळतील. आणि असा प्रश्न विचारतात ते हेच दोघं. उरलेले अठ्ठ्याण्णव अभ्यासाला लागलेले असतात.

तू त्यातला नसशीलही. पण हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. एक लाख हँड झाल्यावर थोडं कळायला लागतं. शनिवारच्या टेबलासारख्या टेबलावर रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसलास तर सव्वा वर्ष.

आता माझं. आम्ही मिरजेचे. आप्पा साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये चौतीस वर्षं. घरात पत्ते निघायचे ते गणपतीच्या जागरणाला, आणि तेव्हा चिंचोके लावून तीनपत्ती. गंमत बघ, सुप्रीम कोर्टाने १९६० च्या दशकातच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. म्हणजे आमच्या घरात खरा जुगार फक्त गणपतीसमोर व्हायचा. हे मी मामाला एकदा सांगितलं. त्यानंतर मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

२०१७ ला पुण्यातून मेकॅनिकल झालो. हॉस्टेलच्या तिसऱ्या वर्षापासून १-२ रुपयांच्या ऑनलाइन टेबलावर खेळत होतो. २०१८ ला गेटमध्ये बरा स्कोअर आला, एमटेकची सीट मिळाली, महिना १२,४०० स्टायपेंड. त्या महिन्यात मी पोकरमधून ३८ हजार काढले होते. सीट सोडली. आज विचारलंस तर सीट सोडणं ही चूक होती, पण ज्या कारणासाठी घरचे चूक म्हणतात त्यासाठी नव्हे.

घरी सांगायला गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन गेलो. मला वाटलं, आप्पा हिशेबाचे माणूस, त्यांना आकडे दाखवावेत. एक्सेलमध्ये चौदा महिने होते: तारीख, टेबल, तास, हँड, आत किती, बाहेर किती, रेक (साइटचं कमिशन) किती कापला गेला. आप्पांनी चष्मा लावून अर्धा तास बघितलं. दोन ठिकाणी बेरीज तपासली, एक चूक काढली (खरोखर होती, ४०० रुपयांची). मग म्हणाले, "जमा कळलं. नावे कुणाच्या?"

मी म्हणालो, म्हणजे?

"तुझ्याकडे जमा झालेत तर कुणाच्या तरी नावे पडले असतील. तो रकाना कुठाय?"

मी रेक समजावला, एज (चांगल्या खेळाडूची आघाडी) समजावली, समोरचे लोक स्वखुशीने खेळतात हे सांगितलं. ते ऐकत होते, आणि मग उठून बागेला पाणी घालायला गेले. 'जुगार' हा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही. तो उच्चारला दादाने, रात्री व्हिडिओ कॉलवर. दादा तेव्हा अमेरिकेत एमएसच्या पहिल्या वर्षाला होता. बत्तीस लाखांचं कर्ज, आप्पांचा प्लॉट तारण. तो म्हणाला, "तू आप्पांची पत पत्त्यांवर लावतोयस." प्लॉट कुणी लावला होता हे मी तेव्हा बोललो नाही. आज बोलतोय.

पुढची दोन वर्षं मी कर्वेनगरला एका खोलीत काढली. २५-५० चं टेबल, पाच हजारांचा बाय-इन (टेबलावर घेऊन बसायची रक्कम), मागे चाळीस बाय-इन म्हणजे दोन लाख, त्यांना हात लावायचा नाही. रेक जाऊन १०० हँडमागे चार बिग ब्लाइंड सुटायचे, म्हणजे दोनशे रुपये. चार टेबलांवर तासाला अडीचशे हँड. म्हणजे तासाला पाचशे रुपये. हे वाचून तुझा चेहरा पडला असेल तर बरंच झालं. व्यावसायिक पोकर म्हणजे हेच, रात्री आठ ते पहाटे तीन, पाचशे रुपये तास, आणि एक्का-राजा हातात येऊनही फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, तीनातून दोनदा जोडी न लागणं. ज्यांची नावं तुला माहीत आहेत, लास वेगासच्या पोकर वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट जिंकलेला निपुण जावा वगैरे, ते शंभरातले नव्हेत, लाखातले आहेत.

आणि २०१९ चा नोव्हेंबर. पाच आठवड्यांत एकतीस बाय-इन गेले. माझ्या रेटला दहा हजार हँडच्या टप्प्यात तीनातून एकदा तोट्यात असणं हे गणितातच आहे, मला माहीत होतं, भिंतीवर लिहून ठेवलं होतं. तरी एका रात्री फ्लॉपवर तीन अठ्ठे लागले, समोरच्याला रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानावर, बदामचा फ्लश (बदामची पाच पानं, तीन अठ्ठ्यांहून वरचढ) लागला, आणि मी तो कागद भिंतीवरून फाडला. मग १०-२० च्या टेबलावर उतरलो. टेबल उतरणं हीच या धंद्यातली खरी परीक्षा, त्यात मी पास झालो. याचा मला अजून अभिमान आहे, ज्याला हसायचं त्याने हसावं.

मग २०२० आलं. लॉकडाउनमध्ये सगळा देश फोनवर पत्ते खेळत होता, टेबलं कधी नव्हती एवढी सैल झाली, कच्च्या खेळाडूंनी भरली. तिकडे दादाची नोकरी एप्रिलमध्ये गेली, लागून तीन महिनेही झाले नव्हते. ओपीटीवर (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची तात्पुरती परवानगी) असताना एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, म्हणून तो घड्याळ थांबवायला आपल्या प्रोफेसरच्या लॅबमध्ये बिनपगारी काम करायला लागला. रिझर्व्ह बँकेची मोरेटोरियम ऑगस्टअखेर संपली आणि सप्टेंबरपासून कर्जाचा हप्ता सुरू झाला, महिना ४३,२००. आप्पांचं पेन्शन किती ते लिहीत नाही. कारखान्याचं पेन्शन किती असतं हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

सप्टेंबर ते मार्च, सात हप्ते माझ्या खात्यातून गेले. ३,०२,४००. मामा विचारायला आला तेव्हा आप्पा म्हणाले, "थोरला तिकडून पाठवतो." मी शेजारच्या खोलीत होतो.

तेव्हा उच्च शिक्षण ही सुरक्षित बाजू आणि पोकर ही धोक्याची, अशी तराजू मांडू नकोस. तुझे घरचे जे सुचवतायत तेही एकाच टेबलावर सगळं लावणं आहे. चाळीसेक लाखांचं कर्ज, तारण ठेवलेलं घर, मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, जी अक्षरशः लॉटरी आहे, तिला सगळे लॉटरीच म्हणतात. पोकरमध्ये असं कुणी केलं तर त्याला आम्ही 'मासा', म्हणजे सोपं गिऱ्हाईक, म्हणायचो. फरक एवढाच की या जुगाराला बँक कर्ज देते, आणि हरलास तर नातेवाईक मंदीला दोष देतात.

याचा अर्थ पोकर खेळ असा नाही. जे आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो.

ऑनलाइनचं दार बंद आहे. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत माझा धंदा संपला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण टेबलच नाही. ज्या फरकावर मी घरात सात वर्षं भांडलो, तो फरक कायद्याने एका ओळीत पुसला. परदेशी साइटच्या नादाला लागू नकोस. अमेरिकेत १५ एप्रिल २०११ ला सरकारने मोठ्या साइट बंद केल्या, तेव्हा एका साइटवरच्या खेळाडूंना आपले पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. तिथे निदान सरकार मागे लागलं होतं. तुझ्यासाठी कोण लागणार?

मी तसाही आधीच अर्धा मेलो होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, म्हणजे दहा हजार भरले की बावीसशेच्या आसपास तिथेच गेले. जिंकलेल्यावर सरसकट ३० टक्के कर, वर सेस, अडीच-तीन लाखांची सूटही नाही आणि यंदाचा तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. तासाला पाचशेतून हे वजा करून बघ. गोव्यात मांडवीवरच्या बोटीत जाशील तर सप्टेंबर २०२५ पासून तिथे जीएसटी ४० टक्के. मित्राच्या फ्लॅटवर तो मित्र प्रत्येक डावातून काही कापून घेत असेल तर पोलिसांच्या भाषेत ते जुगाराचं घर होऊ शकतं, १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. तुझे पावणेतीन लाख रिटर्नमध्ये दाखवलेस का, हे मी विचारत नाही.

आणि सीव्ही. २०१८ ते २०२५ काय केलं, या प्रश्नाला मी अकरा मुलाखतींत उत्तर दिलं. कुणी हसलं, एकाने बॅड बीटचे (चांगली पानं असूनही हरल्याचे) किस्से ऐकवले, नोकरी बाराव्याने दिली. आता एका छोट्या कर्ज कंपनीत रिस्कमध्ये आहे, माझा बॉस माझ्याहून चार वर्षांनी लहान. काम मला त्याच्यापेक्षा चांगलं कळतं, पण त्याच्याकडे डिग्री आहे आणि माझ्याकडे एक्सेल. एमटेकची सीट सोडणं चूक होती ती यासाठी. तेव्हा इथेच, कमी पैशांत, काहीतरी शिक. स्टॅटिस्टिक्स शीक, फायनान्स शीक, आयआयएम कोझिकोडमध्ये एकेकाळी एमबीएला पोकरवरचा कोर्ससुद्धा शिकवला गेलाय. एमएसबद्दल मला विचारू नकोस, माझं मत स्वच्छ नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

दादाने २०२४ ला कर्ज मुदतीआधी फेडलं. त्याचं चांगलं चाललंय, घर घेतलंय. कर्ज मिटल्याच्या आठवड्यात माझ्या खात्यात आप्पांकडून एनईएफटी आली, ३,०२,४०० रुपये. मी फोन केला. ते म्हणाले, कीर्द बंद करत होतो. दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती वही काढून बघितली. सात ओळी, त्यांच्या अक्षरात, प्रत्येकीपुढे तेच: धाकट्याकडून, उसनवार. व्याज लावलं नव्हतं.

मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्या लॉकडाउनमध्ये २५-५० च्या टेबलावर एक आयडी असायचा, पहाटे दोन-तीनला येणारा. एका रात्री त्याने पाच-पाच हजार करून अकरा वेळा भरले. त्यातले सात-आठ बाय-इन माझ्याकडे आले. त्या महिन्याचा हप्ता बराचसा त्यातून गेला. नाव-गाव काही माहीत नाही, आयडीत जन्मसाल असावं असे चार आकडे होते, १९९९.

आप्पांनी परत केलेले पैसे मी एफडीत ठेवलेत. दोनदा रिन्यू झाली.

तू आधी एक वही कर. प्रत्येक शनिवारचे तास, हँड, आत, बाहेर. हरलेले शनिवार पण. आणि जमल्यास तुझ्या टेबलावर दर वेळी कोण हरतंय, तोही एक रकाना ठेव.